परक्याचा जुलूम आणि घरचा

राष्ट्र घडत असता रंगभूमीने धर्माकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हे तपासून पाहण्याजोगे आहे. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. प्रेक्षकांनी सैरंध्रीत भारतमाता पाहिली व कीचकात कर्झन. सरकारने १९१० साली त्यावर बंदी घातली. पुराणाच्या आडून राज्यकर्त्यांस जाब विचारणारे ते नाटक महाराष्ट्राने डोक्यावर घेतले, हे योग्यच झाले. परंतु जोतीराव फुल्यांनी १८५५ सालीच ‘तृतीय रत्न’ लिहून, ग्रहदशेचे भय घालून कुणब्याच्या गरोदर बायकोस लुबाडणाऱ्या जोश्यास जाब विचारला होता. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले. छापून निघावयास १९७९ साल उजाडले! परक्याचा जुलूम दिसावा आणि घरचा दिसू नये, हा कोठला न्याय?

अंबरनाथच्या शके ९८२ मधील शिवालयापाशी महाशिवरात्रीस यात्रा भरते. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील व्यापारी मंडळींनी चार पैसे काढून त्या वेळी ‘तृतीय रत्न’चा प्रयोग करवावा, अशी आमची सूचना आहे. यात देवाची अवज्ञा नाही. देवाच्या नावावर चालणाऱ्या लबाडीची मात्र आहे. नाटकातील जोडपे अखेरीस शाळेची वाट धरते. आमच्या प्रेक्षकांनीही ती धरावी.