जुनी बाईक घेताय? मीटरवर जाऊ नका!

गेल्या महिन्यात मुरुडला (जंजिऱ्याचं नव्हे, लातूर-बार्शी रस्त्यावरचं) एक १०० सीसीची बाईक बघायला गेलो. खिशात ३० हजार, तेही उसने. मीटरवर ३८ हजार किमी, पण फूटरेस्टचं रबर पार गुळगुळीत! केबल काढली की मीटर थांबतं, रबर झिजायचं थांबत नाही.

सायलेन्सर आधीच गरम होता. "आत्ताच शेतातून आलो, भाऊ," मालक म्हणाले. मी म्हटलं, "काका, उद्या सकाळी येतो, तोवर चालू करू नका."

हे नक्की करा. गरम इंजिन बरेच दोष झाकतं. सकाळी सातव्या किकला गाडी सुरू झाली आणि निळसर धूर निघाला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पिस्टन रिंग, बोअर नाहीतर व्हॉल्व्ह सील गेलेलं. थंडीत सुरुवातीला दिसणारी पांढरी वाफ मात्र चालते.

मग मोबाईल काढला. एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची मुदत, इन्शुरन्स, पीयूसी दिसतं. इथे फायनान्स कंपनीचं नाव अजून तसंच! कर्ज फिटलं असलं तरी एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ते आरटीओतून काढावं लागतं. नोंदणी १५ वर्षांची असते, तीही संपत आलेली.

काकांना सांगितलं, आधी बोजा उतरवा, मग फॉर्म २९, ३० वर सह्या करू. इंजिनाचे पैसे किमतीतून वजा. अजून फोन आलेला नाही.