रंगांचें अनुमान आणि रंगांची साक्ष

बारीक रेघांच्या सदऱ्याचें छायाचित्र घेतलें असतां त्यावर मुळांत नसलेले रंगीत पट्टे उमटलेले आपण पाहिले असतील. कॅमेरा खोटें कां बोलतो? त्याच्या संवेदकाचा प्रत्येक बिंदु तांबड्या, हिरव्या वा निळ्या गाळणीखालीं असतो. या रचनेचें पेटंट कोडॅकच्या ब्राइस बेयर यांस १९७६ सालीं मिळालें. एका बिंदूस एकच रंग दिसतो, सुमारें दोन-तृतीयांश प्रकाश गाळणींत वायां जातो, आणि उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणितानें अनुमानावे लागतात.

पेरोव्हस्काइट यावर उपाय होऊं पाहत आहे. उरल पर्वतांत १८३९ सालीं सांपडलेल्या खनिजाचें हें नांव त्याच स्फटिकरचनेच्या कृत्रिम पदार्थांसहि लाभलें. त्यांत क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन यांचें प्रमाण बदललें, कीं शोषला जाणारा रंग बदलतो. झुरिच येथील संशोधकांनीं २०२५ सालीं असे तीन थर एकावर एक रचिले : वरचा निळा प्रकाश टिपतो, मधला हिरवा, तळचा तांबडा. गाळणी नको, अनुमान नको.

मात्र या पदार्थांत शिसें असतें, आणि दमट हवेनें ते बिघडतात. ही अडचण सुटेल, तेव्हां गणिताचें काम रंग कल्पिण्याचें न राहतां मोजलेले रंग नीट जुळविण्याचें होईल; आणि छायाचित्राची साक्ष अधिक भरंवशाची ठरेल.