बसलेलं रबर

जुनी मिनी विकत घ्यायला गेलात तर रंगाकडे नंतर बघा. आधी चाकावरची फट बघा. टायर मडगार्डात शिरल्यासारखा दिसत असेल, तर समजा, रबर बसलंय.

इतर बहुतेक मोटारींत सस्पेन्शनमधलं रबर म्हणजे बुश. तो झिजला की खडखडतो, बदलला की विषय मिटतो. या मिनीचं तसं नाही. तिच्यात पोलादी स्प्रिंगच नाही. गाडीचा भार थेट रबरावर.

1956च्या सुएझ संकटामुळे ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि छोट्या गाडीची निकड भासली. मिनीचे रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी जेमतेम 10 फूट लांबीत चार माणसं बसवायची ठरवली, चाकं घेतली 10 इंची. मग स्प्रिंगला जागा उरणार कुठे? त्यांचे मित्र अ‍ॅलेक्स मोल्टन यांच्या घरात पणजोबांपासून रबराचा धंदा. त्यांनी जाड रबराचा शंकू पुढे केला. तो इवल्याशा जागेत मावतो आणि जितका दाबाल तितका ताठ होत जातो. हे दुसरं फार महत्त्वाचं, कारण सुमारे 600 किलोच्या गाडीत चार धष्टपुष्ट माणसं बसली की ओझं जवळजवळ निम्म्याने वाढतं. 1959 साली गाडी आली ती या शंकूंवर. मधली काही वर्षं हायड्रोलास्टिक नावाची द्रवावर चालणारी पद्धत येऊन गेली. पण 2000 साली उत्पादन थांबलं तेव्हा गाडीखाली शंकूच होते.

शंकूला सुट्टी नसते. गाडी वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये झाकून ठेवली तरी तो ओझ्याखाली दबलेलाच. रबर म्हणजे गंधकाने एकमेकांत बांधलेल्या लांब साखळ्या. सतत दाबाखाली त्यातल्या काही गाठी तुटतात आणि दबलेल्या अवस्थेतच नव्या बसतात; मग ओझं काढलं तरी शंकू पूर्ववत होत नाही. ऑक्सिजन आणि उष्णता त्याला कडक करतात, ताणलेल्या पृष्ठभागावर हवेतला ओझोन भेगा पाडतो, आणि इंजिनाचं तेल गळत असेल तर नैसर्गिक रबर फुगतं.

इथे बरेच जण एक पळवाट काढतात. शंकू आणि चाकाचा दांडा यांच्यामध्ये लांबी कमीजास्त करता येणारा तुकडा बसवला की गाडी उचलली जाते. दिसायला झकास! पण मेलेलं रबर मेलेलंच राहतं, दणके तसेच बसतात. ‘मिनी आदळायचीच, तीच तर तिची मजा’ असं सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी ताज्या रबरावरची मिनी चालवली असेल, मला शंका आहे.

बदलायचंच तर शंकूबरोबर त्याखालचा गोळा आणि त्याची प्लॅस्टिकची वाटीही बदलावी. ती सुकलेली असली की नव्या रबरावरही गाडी चरचरते. पुढचा शंकू आट्यांच्या खास हत्याराने दाबून धरल्याशिवाय सोडवू नये, त्यात बराच जोर कोंडलेला असतो. जुन्या आणि नंतरच्या शंकूंचे आटे वेगळे, तेव्हा हत्यार मागवण्यापूर्वी ते तपासावेत.

नव्या शंकूंवर गाडी बगळ्यासारखी उंच उभी राहते. त्याच दिवशी अलाइनमेंट करून मोकळं व्हावंसं वाटतं. करू नये. काही आठवडे नुसती चालवावी, रबर आपल्या जागी बसू द्यावं, आणि मग पाना हातात घ्यावा.