गायीच्या रक्तातील जमाखर्च

जीवदयेच्या भावनेने आपण म्हापशाचे व्यापारी गोशाळांना वैरण पाठवितो. परंतु पोट भरले म्हणजे पोषण झाले, असे मात्र नव्हे. पेडणे-डिचोलीकडे उन्हाळ्यात गुरांची भिस्त बहुधा भाताच्या पेंढ्यावर असते. त्यात प्रथिने व फॉस्फरस अल्प. शिवाय आपली जांभ्याची माती फॉस्फरस धरून ठेवते, पिकास सहजी देत नाही. हाडे वा चिंध्या चघळणारी गाय पुष्कळदा हीच उणीव सांगत असते.

ही उणीव रक्तावरून ओळखता येते. इंग्लंडात कॉम्प्टन येथे पेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली अशी चाचणी मांडली. भाकड, मध्यम दुधाच्या व भरपूर दुधाच्या अशा तीन गटांतून प्रत्येकी ७ गायींचे रक्त ते तपासीत. कारण एकट्या गायीवरून कळपाचा निर्णय करणे योग्य नव्हे. रक्तातील युरियावरून अलीकडच्या आहारातील प्रथिने कळतात, तर अल्ब्युमिनवरून दीर्घकाळची उपासमार कळते.

तथापि रक्त हा गल्ला आहे, वखार नव्हे. कॅल्शियम कमी पडताच शरीर ते हाडांतून काढून रक्तात भरते. गल्ला भरलेला दिसतो आणि वखार रिती होत जाते. म्हणून रक्ताबरोबर चारा व गायीची अंगकाठीही पाहिली पाहिजे.

आमची सूचना एवढीच की, यापुढे वैरणीच्या देणगीतील थोडा भाग पशुवैद्याकरवी होणाऱ्या रक्ततपासणीसाठी राखावा. आणि जे उणे आढळेल ते, पेंड असो वा क्षारमिश्रण, तेच द्यावे.