घरात बेस गिटार आहे? मग अॅम्प विचारपूर्वक निवडा

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर खालच्या मजल्यावरच्या आंटी उभ्या होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता, पण थकवा स्पष्ट दिसत होता. त्या म्हणाल्या, ‘‘तुझा भाऊ काय वाजवतो ते आम्हाला अजिबात ऐकू येत नाही गं, पण आमच्या कपाटातली भांडी मात्र रोज वाजतात.’’

माझा धाकटा भाऊ आतल्या खोलीत बेस गिटार मांडीवर घेऊन गप्प बसला होता. नोकरीसाठी मी बेंगळुरूला आले आणि दोन वर्षांनी तोही इंजिनीअरिंगसाठी माझ्याकडे राहायला आला. वन बीएचके फ्लॅट, भाड्याचं घर आणि त्यात बेस गिटार. त्या आठवड्यात घरमालकांचाही फोन येऊन गेला होता. नागपूरहून बाबा म्हणाले, ‘‘विकून टाक म्हणावं ते. अभ्यासाचं बघ.’’ भाऊ काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी तो बेसचे फोटो काढत होता, विकण्यासाठी.

खरं तर चूक बेसची नव्हती. चूक आमच्या अॅम्पच्या निवडीत होती.

पहिली चूक : गिटारच आहे ना!

आम्ही सेकंडहँड गिटार अॅम्प घेतला होता. विचार सरळ होता, बेसही गिटारच आहे, मग वेगळा अॅम्प कशाला? आवाज पुरेसा येत नाही म्हणून भाऊ व्हॉल्यूम वाढवत गेला. काही आठवड्यांतच स्पीकरमधून खरखर सुरू झाली आणि एक दिवस त्याचा कागदी कोन फाटला. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘यावर बेस वाजवला का?’’

असं का होतं ते समजून घ्या. साध्या सहा तारांच्या गिटारची सर्वांत जाड तार साधारण 82 हर्ट्झवर कंप पावते. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे 41 हर्ट्झवर. पाच तारांच्या बेसची जाड तार तर 31 हर्ट्झपर्यंत खाली जाते. सूर जितका खालचा, तितका स्पीकरच्या कोनला जास्त मागेपुढे हलावं लागतं. गिटारचा स्पीकर त्यासाठी बनलेलाच नसतो.

दुसरी अडचण आपल्या कानांची आहे. कमी आवाजात आपल्याला खर्जाचे सूर मधल्या सुरांपेक्षा कितीतरी कमी ऐकू येतात. म्हणून वाजवणारा आवाज वाढवतो. त्यातच 41 हर्ट्झच्या सुराची लहर सुमारे 8 मीटर लांब असते. आपल्या हॉलच्या लांबीपेक्षाही मोठी! असा सूर भिंती आणि जमीन सहज पार करतो. वाजवणाऱ्याला कमी ऐकू येतं आणि खालच्या मजल्यावरची भांडी थरथरतात, त्यामागचं कारण हेच.

मॉडेलिंग म्हणजे नेमकं काय?

पूर्वी प्रत्येक अॅम्पचा एकच आवाज असायचा. उदाहरणार्थ, अॅम्पेग कंपनीचा एसव्हीटी हा 1969 साली आलेला प्रसिद्ध बेस अॅम्प. 300 वॅटची ताकद, काचेचे व्हॅक्यूम ट्यूब आणि सोबत दहा इंचांचे आठ स्पीकर असलेलं उंच कॅबिनेट. त्याचं नुसतं हेडच 35 किलोहून जड होतं. आवाज मोठ्या स्टेजला शोभणारा, पण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्याची कल्पनाही करवत नाही.

डिजिटल मॉडेलिंगने हे चित्र बदललं. 1990 च्या दशकात रोलँड आणि लाइन सिक्स या कंपन्यांनी जुन्या उपकरणांचा आवाज संगणकीय चिपवर उभा करायला सुरुवात केली. लाइन सिक्सचा मॉडेलिंग गिटार अॅम्प 1996 मध्ये आला आणि 1998 मध्ये आलेला त्यांचा पॉड हा छोटा लाल डबा घरोघरच्या वादकांपर्यंत पोहोचला. पुढे हेच तंत्र बेसच्या अॅम्पमध्येही आलं.

त्याचं काम असं चालतं. बेसच्या तारांमधून आलेला सिग्नल आधी आकड्यांमध्ये बदलला जातो. आतली चिप त्यावर गणितं करते. अमुक ट्यूब तापल्यावर आवाज कसा फाटतो, अमुक कॅबिनेटमध्ये खर्ज कसा घुमतो, याची ती नक्कल करते. मग ते आकडे पुन्हा आवाजात बदलून स्पीकरला दिले जातात. मोबाइलच्या फोटोवर आपण फिल्टर लावतो ना, तसंच काहीसं. पण एक लक्षात ठेवा, फिल्टरने फोटोचा रंग बदलतो, कॅमेऱ्याची लेन्स बदलत नाही. तसंच मॉडेल कितीही मोठ्या अॅम्पचं असलं तरी आवाज शेवटी तुमच्यासमोरच्या आठ किंवा दहा इंचांच्या स्पीकरमधूनच येणार असतो.

निवडताना या गोष्टी तपासा

कुठे वाजवणार? हा प्रश्न सर्वांत आधी विचारा. केवळ घरी सराव करायचा असेल तर 20 ते 40 वॅट पुष्कळ झाले. ड्रमसोबत वाजवायचं असेल तर मात्र गिटारवाल्यांचा हिशोब विसरा. ड्रमच्या बरोबरीने बेस ऐकू यायला साधारण 200 ते 300 वॅट लागतात. अर्थात, शहरांतल्या बहुतेक जॅम रूममध्ये मोठा बेस अॅम्प आधीच ठेवलेला असतो. मग घरासाठी मोठा अॅम्प घेण्यात काय अर्थ?

वॅटच्या आकड्याला भुलू नका. 40 ऐवजी 80 वॅट घेतले म्हणजे आवाज दुप्पट झाला असं होत नाही. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट ताकद लागते. म्हणून थोड्याशा जास्त वॅटसाठी खूप जास्त पैसे मोजण्याआधी विचार करा.

स्पीकरचा आकार बघा. घरासाठी आठ किंवा दहा इंचांचा स्पीकर बरा. फेंडरचा रंबल स्टुडिओ 40 हा 40 वॅटचा, तर बॉसचा कटाना 110 बेस 60 वॅटचा आहे. दोघांतही दहा इंचांचा एक स्पीकर आहे. कटाना 210 बेसमध्ये 160 वॅट आणि असे दोन स्पीकर मिळतात. होस्टेलमध्ये किंवा प्रवासात वाजवायचं असेल तर रोलँडचा मायक्रो क्यूब बेस आरएक्स बॅटरीवर चालतो. त्यात चार इंचांचे चार छोटे स्पीकर असतात. आपल्या शहरात आत्ता काय मिळतंय, ते आधी विचारा.

हेडफोनची सोय हवीच. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी मॉडेलिंग अॅम्पचं सर्वांत मोठं वरदान हेच आहे. अॅम्प आणि कॅबिनेट या दोन्हींची नक्कल चिप करत असल्याने हेडफोनमध्येही भरदार आवाज येतो. पण वायरवालाच हेडफोन घ्या. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो आणि ताल चुकतो. अॅम्पमधलं ब्लूटूथ साथीचं गाणं लावायला मात्र छान उपयोगी पडतं.

बटणं किती आणि अॅप किती? काही अॅम्पचे निम्मे आवाज मोबाइल अॅपशिवाय बदलताच येत नाहीत. उद्या फोन बदलला किंवा कंपनीने अॅप अपडेट करणं थांबवलं तर? व्हॉल्यूम, गेन, बेस, मिड आणि ट्रेबल यांची बटणं अॅम्पवरच असतील तर अॅपविनाही काम अडत नाही.

मागची बाजूही पाहा. डीआय किंवा लाइन आउट असेल तर कार्यक्रमात हाच छोटा अॅम्प थेट मोठ्या साउंड सिस्टीमला जोडता येतो. यूएसबी असेल तर लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करता येतं.

व्होल्टेज विसरू नका. अमेरिकेतून मावशी किंवा दादा अॅम्प आणणार असतील तर आधी लेबल वाचायला सांगा. तिथे 120 व्होल्ट वीज असते, आपल्याकडे 230. अॅम्प दोन्हींवर चालणारा नसेल आणि तसाच इथल्या सॉकेटमध्ये लावला तर तो जळू शकतो. वॉरंटी भारतात लागू होते का, हेही विचारून घ्या.

दुकानात गेल्यावर

स्वतःचा बेस सोबत न्या. दुकानातल्या महागड्या बेसवर कुठलाही अॅम्प चांगलाच वाटतो. सगळे इफेक्ट बंद करायला सांगा आणि सर्व बटणं मधोमध ठेवून साधा, स्वच्छ आवाज आधी ऐका. तो आवडला नाही तर पन्नास प्रीसेटही तुम्हाला वाचवू शकणार नाहीत.

मग जाड तार मोकळी वाजवा. सूर स्पष्ट ऐकू येतो की नुसती घरघर होते, याकडे लक्ष द्या. घरी वाजवाल तितक्याच हळू आवाजातही ऐकून बघा. सोबत आलेल्या व्यक्तीला चार पावलं दूर उभं करा, कारण खर्ज जवळ एक आणि लांब वेगळाच ऐकू येतो.

बजेट ठरवताना केबल आणि हेडफोन आधीच त्यात धरा. आमच्याकडे पंचवीस हजार होते. भावाने अॅम्पसाठी वीसच ठरवले आणि उरलेल्यात चांगला हेडफोन घेतला. आज वाटतं, सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच होता.

घरी आणल्यावर

अॅम्प थेट फरशीवर आणि कोपऱ्यात ठेवू नका. कोपऱ्यात खर्ज आणखी फुगतो आणि फरशीतून कंप खाली जातो. जाड फोम किंवा स्टँडवर, भिंतीपासून थोडं दूर ठेवा. याने आवाज पूर्ण थांबत नाही, पण फरक नक्की पडतो.

स्पाइक गार्ड वापरा. घरातलं अर्थिंग नीट नसेल तर सतत गुणगुण ऐकू येते. अशा वेळी अॅम्पला दोष देण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. पावसाळ्यात अॅम्प झाकून ठेवा, पण वाजवताना कव्हर काढा, म्हणजे आतली उष्णता बाहेर पडेल.

तुमचा बेस बॅटरीवाला, म्हणजे अॅक्टिव्ह असेल तर सराव संपल्यावर केबल काढून ठेवा. केबल लावलेली राहिली की बॅटरी आपोआप संपत जाते.

हेडफोनचा आवाजही मर्यादेत असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांसाठी 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत सुरक्षित आहे, मुलांसाठी हीच मर्यादा 75 डेसिबल आहे. सरावानंतर कानात शिट्टी वाजत असेल तर आवाज जास्त होता असं समजा.

याचे तोटेही आहेत

हे डिजिटल उपकरण आहे. त्याचा बोर्ड बिघडला तर कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला तो दुरुस्त करता येईलच असं नाही. नवं मॉडेल आलं की जुन्याची किंमत उतरते. जुने ट्यूब अॅम्प पन्नास वर्षांनीही मागणीत असतात, मॉडेलिंग अॅम्पबाबत तशी आशा ठेवू नका.

आणखी एक तोटा मी घरात रोज पाहिला. पहिला महिनाभर भाऊ वाजवण्यापेक्षा आवाज बदलण्यातच रमला होता. शेवटी आम्ही नियम केला, आठवड्याला एकच आवाज. मुंबईच्या मोहिनी डे हिने लहानपणीच वडिलांकडून बेसचे धडे घेतले आणि पुढे ए. आर. रहमान यांच्यासोबत वाजवलं. तिचे व्हिडिओ मी त्याला दाखवले. तिचा वेग आणि ताल बोटांत आहे, कुठल्याही बटणात नाही.

आणि आधीच चांगला साधा बेस अॅम्प असेल, एकच आवाज पुरत असेल, तर केवळ फॅशन म्हणून मॉडेलिंग अॅम्प घेऊ नका.

आमच्या घरी आता वेळापत्रक आहे. संध्याकाळी सहा ते सात स्पीकर, त्यानंतर फक्त हेडफोन. बेस विकण्याची जाहिरात टाकलीच गेली नाही. कॉलेजच्या फेस्टमध्ये भावाने वाजवलं, त्याचा व्हिडिओ बाबांनी दोनदा पाहिला. म्हणाले काहीच नाहीत, पण काकाला फॉरवर्ड केला.

मागच्या आठवड्यात लिफ्टमध्ये खालच्या आंटी भेटल्या. त्यांनी विचारलं, ‘‘भावाने वाजवणं सोडलं का गं? चांगला मुलगा आहे, छंद सोडू नये.’’

मी हसून म्हटलं, ‘‘नाही आंटी, रोज दोन तास वाजवतो.’’