सभिकाचा वाटा आणि त्याचा परतावा

द्यूत हा विषय आमच्या वाङ्मयास नवा नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत फांशांच्या पायीं घरदार गमावून बसलेल्या माणसाचें एक संपूर्ण सूक्त आहे. सभापर्वांतील प्रसंग तर मुलांबाळांसही ठाऊक आहे. परंतु द्यूतगृह चालविणाऱ्या ‘सभिका’च्या मिळकतीचा विचार आमच्या शास्त्रकारांनीं किती बारकाईनें केला होता, याकडे सहसा लक्ष जात नाहीं. जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच घ्यावे, असें कौटिल्य द्यूताध्यक्षास सांगतो. याज्ञवल्क्यस्मृतींत ज्याची जीत शंभरांवर गेली त्याजकडून शेंकडा पांच, व इतरांकडून शेंकडा दहा, असा सभिकाचा हक्क सांगितला आहे. म्हणजे थोडक्यावर खेळणारावर भार अधिक! संगणकावर व फोनवर पैसे लावून जो पोकर नांवाचा पत्त्यांचा खेळ खेळतात, त्यांत हाच न्याय आजही चालू आहे.

या खेळांत गडी एकमेकांविरुद्ध खेळतात; खेळ चालविणारी कंपनी डावांत नसते. ती प्रत्येक डावाच्या रकमेंतून, बहुधा शेंकडा पांचच्या सुमारास, आपला वाटा काढते. त्यास ‘रेक’ म्हणतात. रेकला कमाल मर्यादा असते. मोठ्या डावांत ती लवकर गांठली जाते व वाटा प्रमाणानें हलका होतो. लहान डाव तिथपर्यंत क्वचितच पोंचतात, म्हणून लहान गड्यास पुरा भुर्दंड बसतो. या रेकपैकीं कांहीं भाग कंपनी गड्यास परत देते, तो ‘रेकबॅक’. हा परतावा सांठवीत जावा, खेळापुरतें वेगळें काढलेलें भांडवल वाढवावें व पायरीपायरीनें मोठ्या डावांत जावें, असा नवशिक्यांस उपदेश केला जातो. परदेशीं शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या कानींही तो पडतो व परतावा हें एक उत्पन्नच आहे, असें त्यांस वाटूं लागतें.

आतां हिशेब पाहूं. सहा गडी आहेत व महिन्याभरांत प्रत्येकानें शंभर डॉलर रेक भरला, असें समजा. परतावा शेंकडा २७ धरूं. फुल टिल्ट पोकर या कंपनीचा एके काळीं हाच दर होता. सहाशें गेले, एकशें बासष्ट परत आले; उरलेले चारशें अडतीस सहाही जणांच्या हातून कायमचे गेले. जो गडी इतरांच्या बरोबरीचा आहे, त्यास परतावा मिळूनही त्र्याहत्तर डॉलरांची खोट येते. ज्यानें रेक देण्यापूर्वीं ऐंशी डॉलर जिंकले होते, त्यास रेक देतां वीस कमी पडले आणि सत्तावीस परत येऊन सात उरले. या दुसऱ्यास परताव्यानें तारलें, हें कबूल केलें पाहिजे. तथापि त्या सातांचें मूळ आधीं जिंकलेल्या ऐंशींत आहे. पहिला गडी मात्र ‘खेळ अधिक तितका परतावा अधिक’ असें समजून दुप्पट खेळेल, तर परतावा चौपन्न होईल आणि खोट एकशें सेहेचाळीस!

मग थोडक्या पैशांचें भांडवल कोणीं वाढविलेंच नाहीं काय? वाढविलें आहे. ख्रिस फर्ग्युसन या अमेरिकन जगज्जेत्यानें २००६ सालीं फुल टिल्टवरच शून्यापासून दहा हजार डॉलर करण्याचा प्रयोग आरंभिला. विनामूल्य स्पर्धांतून त्यानें पहिले पैसे मिळविले. भांडवलाच्या शेंकडा पांचांहून अधिक पैसे घेऊन कोणत्याही रोख डावास बसावयाचें नाहीं. मोठ्या स्पर्धेस शेंकडा दोनांहून अधिक द्यावयाचे नाहींत. आणि पुढ्यांतील रक्कम भांडवलाच्या दशांशाहून वाढली कीं उठावयाचें, असे त्याचे नियम होते. एवढ्या निष्णात माणसासही सुमारें दीड वर्ष लागलें. हें यश संयमाचें व अभ्यासाचें होय.

शिवाय सांठविलेला पैसा सभिकाच्याच पेटींत असतो, हें विसरूं नये. १५ एप्रिल २०११ रोजीं अमेरिकन सरकारनें बड्या पोकर कंपन्यांवर खटले भरले. त्या वर्षीं मार्चअखेर फुल टिल्टकडून खेळाडूंचें सुमारें ३९ कोटि डॉलर देणें होतें, आणि बँकेंत होते फक्त सुमारें ६ कोटि, असें सरकारनें पुढें न्यायालयांत सांगितलें. पोकरस्टार्सनें २०१२ सालीं ती कंपनी घेतली म्हणून पैसे परत मिळाले. पण अमेरिकेंतील खेळाडूंस २०१४ सालापर्यंत वाट पहावी लागली. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैशांच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा केला. कौशल्याचा खेळ ही सबबही त्यांत मान्य केलेली नाहीं.

तेव्हां घरांतील तरुणानें परताव्याची गोष्ट काढली, तर वडिलांनीं रागावूं नये. कागद व पेन्सिल पुढें ठेवावी आणि किती परत आले एवढेंच न विचारतां, किती भरले होते हेंही विचारावें. दोन्ही आंकडे शेजारीं मांडले म्हणजे उत्तर त्याचें त्यालाच सांपडेल.