तोंड येणे, जस्त आणि बर्फ

पिरंगुटहून पुण्याला केमोथेरपीसाठी जाणाऱ्या रुग्णाला कुणीतरी सुचवतेच: तोंड येऊ नये म्हणून जस्ताच्या गोळ्या घ्या. का बरे? ही औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशी मारतात. कर्करोगाच्या पेशी तशा, तोंडाच्या अस्तराच्याही तशाच. जुने अस्तर झडते, नवे येत नाही. आठवड्याभरात जखमा होतात. घास गिळवेना की कधी उपचारही लांबतात. पेशी विभागायला जस्त लागते, म्हणून तर्क पटतो. चाचण्यांचे निकाल मात्र परस्परविरोधी निघाले. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत जस्ताची शिफारस नाही. आहे ती चक्क बर्फाची! फ्लुओरोयुरॅसिल शिरेतून एकदम देताना अर्धा तास बर्फ तोंडात धरला, तर रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथे कमी पोचते. ऑक्झॅलिप्लॅटिन घेणाऱ्याला मात्र गारवा बाधतो. त्याने आधी डॉक्टरांना विचारावे.